समुद्राच्या तळाला वैशाख नसतो

अमरावतीपासून समुद्र किती दूर आहे, हे मला कधी मोजावे लागले नाही. मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होते, त्या सरांकडे रोज सकाळी चहाबरोबर समुद्राचा तळच येत असे. वरचा समुद्र नव्हे. लाटा, गलबते, सूर्यास्त यांत सरांना काडीचाही रस नव्हता. आयुष्यात एकदाच ते समुद्रकिनारी जाऊन आले होते आणि त्यांचे मत एवढेच पडले होते, "पाणी लय आहे. खालचं काहीच दिसत नाही." त्यांना हवा असे तो तळ, आणि तळाच्याही खालचा चिखल.

सर भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. मी त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहून एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत असे. माझ्या वयाचे लोक बढतीची वाट पाहत होते, तेव्हा मी पहिल्या नोकरीत खडू कसा धरावा हे शिकत होते. माझ्या आयुष्यातील प्रत्येक गोष्टीला उशिरा सुरू होण्याची खोड आहे. हे लेखनही त्यातलेच. पुण्याकडून आलेली, भिडस्त, शुद्ध बोलणारी आणि शक्यतो न बोलणारी अशी मी खोली पाहायला आले, तेव्हा फाटकाची कडी वाजवावी की नाही याचा विचार करत बराच वेळ बाहेर उभी होते. शेवटी सरांच्या पत्नीच, म्हणजे आमच्या काकूच, ओसरीतून ओरडल्या, "काय वं पोरी, आत येते का तिथंच संसार मांडते?"

मी आत गेले, आणि बारा वर्षे राहिले.

सरांच्या डोक्यात हा समुद्रतळ कसा शिरला, ते सांगायला हवे. अणुभट्टीत वापरून झालेले इंधन फेकता येत नाही. ते हजारो वर्षे घातक राहते. ते कुठे ठेवावे, याच्या नाना कल्पना जगभरचे शास्त्रज्ञ मांडत आले आहेत. त्यांतली एक अशी : हा कचरा जाड धातूच्या, भाल्यासारख्या टोकदार नळकांड्यात बंद करायचा आणि खोल समुद्रात जहाजावरून सोडून द्यायचा. नळकांडे आपल्याच वजनाने तळाच्या मऊ चिकणमातीत खोल रुतते, वरची माती मिटते, आणि प्रश्नही मिटतो. ही कल्पना पुढे बाजूला पडली, समुद्रात असे काही टाकू नये असे देशोदेशींनी ठरवलेही. पण अणुवीज वाढवायची भाषा सुरू झाली की कोणीतरी ती पुन्हा वर काढतो. सरांनी ती सेवेत असताना कुठेतरी वाचली आणि तेव्हापासून ते तिच्याशी भांडत होते, किंवा खरे सांगायचे तर तिच्यावर प्रेम करत होते. दोन्हींत त्यांच्या बाबतीत मला फारसा फरक करता आला नाही.

"सर, तुमचा या कल्पनेला विरोध आहे ना?" मी सुरुवातीला एकदा विचारले.

"मी विरोधक नाही, मॅडम. विरोधकाले उत्तर माहीत असते. मी इचारणारा आहे."

विचारण्याची त्यांची पद्धत स्वतंत्र होती. खिडकीत पितळेच्या दोन वाट्या ठेवलेल्या असत. एक "त्यांची" आणि एक "आपली". कल्पनेच्या बाजूचा मुद्दा सुचला की त्यांच्या वाटीत एक चिंचोका पडे. शंका सुचली की आपल्या वाटीत. चिकणमाती घातक द्रव्ये धरून ठेवते. चिंचोका त्यांच्या वाटीत. खाऱ्या पाण्यात धातू गंजतो, आपल्या. तिथे भूकंप क्वचित होतात, त्यांच्या. कचऱ्याच्या उष्णतेने मातीतले पाणी तापून वर चढू लागले तर? आपल्या. मी तर्कशास्त्राची पदवी मिळवली होती, पण इतका प्रामाणिक वाद मी कुठल्याही पुस्तकात पाहिला नव्हता. त्यांची वाटी नेहमी जास्त भरलेली असे, आणि सरांना त्याचे दुःख होत नसे. काकूंना मात्र होई. "सारे चिंचोके तिकडं टाकून राहिले तुमी. मंग भांडता कावून?"

सरांचे मूळ गाव अकोल्याकडे, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात होते. समुद्र शेकडो मैल दूर, पण विहीर खणली की खारे पाणी लागते, असा तो मुलूख. सरांच्या लहानपणी त्यांच्या आईने गोड्या पाण्यासाठी दुसऱ्या गावचा रस्ता तुडवला होता. वडिलांनी हौसेने खणलेली विहीर पहिल्या वर्षी गोड लागली, पेढे वाटले गेले, आणि पुढच्या काही उन्हाळ्यांत तिचे पाणी असे फिरले की बैलही तोंड लावीनात. "खालचं वर येते, मॅडम," सर म्हणत, "वेळ लागते, पण येते." त्यांचे सगळे भूगर्भशास्त्र या एका वाक्यावर उभे होते. वर्गात ते यासाठी चांगले लांबलचक शब्द वापरत असतील, घरी एवढेच.

आता मुसळाची गोष्ट. नळकांडे रुतल्यावर त्याच्या मागची वाट खरोखर मिटते का, हा सरांना छळणारा मुद्दा होता. त्यासाठी त्यांनी अंगणात खड्डा करून काळी माती पाण्याने भिजवली, तिचा लोण्यासारखा चिखल केला आणि काकूंचे, टोकाला वसव म्हणजे लोखंडी कडे बसवलेले मुसळ घेऊन गच्चीवर चढले. निरीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली. त्या दिवशी महाविद्यालयात तपासणी समिती यायची होती आणि मी पांढरी, कडक इस्त्रीची साडी नेसले होते. निरीक्षकाने खड्ड्यापासून किती अंतरावर उभे राहावे, हे विचारायला मला संकोच वाटला. मुसळ सुटले. वाट मिटली की नाही, हे मला सांगता आले नाही, कारण माझे डोळेच मिटले होते. समितीतील एका सदस्यांनी नंतर मोठ्या सौजन्याने विचारले, "मॅडम, आपली शेती आहे का?"

खरा गोंधळ पुढे झाला. मुसळ निघेना. सरांनी ओढले, मी ओढले, दोर बांधून दोघांनी ओढले. जेवढे ओढावे तेवढी माती त्याला मिठी मारून बसे. काकू कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. "गाडतानी इचार नाही केला का, की काढावं लागन म्हणून?"

सरांचा चेहरा उजळला. ते तसेच चिखलाच्या पायांनी खिडकीशी गेले आणि आपल्या वाटीत चिंचोका टाकला. टाकलेले पुन्हा बाहेर काढावे लागले तर? हा मुद्दा काकूंचा होता, पण काकूंना त्याचे श्रेय नको होते, मुसळ हवे होते. ते मिळाले वैशाखात. काळी जमीन वाळून आकसली, मुसळाला लागूनच हातभर भेग पडली आणि ते त्यात सैल उभे दिसले. काकूंनी एका हाताने उचलून नेले.

"म्हणजे जमीन स्वतःच परत देते," मी म्हणाले. मला वाटले, हा मोठा मुद्दा आपल्या बाजूचा झाला.

सरांनी भेगेत हात घालून पाहिला. "नाही. समुद्राच्या तळाला वैशाख नसतो," ते म्हणाले आणि प्रामाणिकपणे चिंचोका त्यांच्या वाटीत टाकला.

त्यानंतर बरण्या आल्या. चिनी मातीच्या पाच लोणच्याच्या बरण्यांत सरांनी सूत रंगवायचा पक्का निळा रंग कालवून भरला, तोंडे मेणाने बंद केली आणि अंगणात वेगवेगळ्या ठिकाणी खोल पुरल्या. उन्हाळ्यात फाटणाऱ्या आणि पावसात फुगणाऱ्या त्या मातीत बरणी टिकते का, फुटली तर रंग किती पसरतो, हे पाहायचे होते. प्रत्येक जागेवर लोखंडी सळई रोवली. घरात ताकीद दिली, "हा रंग नाही. हे विष आहे असं समजून वागायचं."

"विष कायले? रंगच तर आहे," काकू म्हणाल्या. "अन् माह्या बरण्या आहेत त्या."

तीन वर्षांनी, ठरल्याप्रमाणे, सर कुदळ घेऊन अंगणात गेले आणि थबकले. सळया नव्हत्या. त्यांच्या जागी, म्हणजे नेमक्या त्यांच्या जागी नव्हे, तर अंगणाच्या एका कोपऱ्यात, वालाच्या शेंगांचा देखणा मांडव उभा होता, आणि त्याला आधार म्हणून पाच लोखंडी सळया.

"अवं, या सळया कोण उपटल्या?"

"मी उपटल्या. वालाले आधार पाह्यजे होता. दोन हंगाम झाले, शेंगा खाऊन राहिले ना तुमी?"

"तुले सांगतलं होतं मी, त्याईच्या खाली काय आहे ते!"

"सांगतलं असन," काकू शांतपणे म्हणाल्या. "तुमी रोजच काही ना काही सांगता."

सर रागावले नाहीत. ते मांडवाखाली, शेंगांच्या सावलीत, खाली बसले आणि बसूनच राहिले. पुढे महिनाभर आम्ही दोघांनी अंदाजाने खणले. चार बरण्या सापडल्या. तीन धड, एक तडकलेली आणि तिच्याभोवती निळी माती. पाचवी सापडली नाही. ती पेरूच्या झाडापासून विहिरीच्या बाजूला आहे, असे सरांचे म्हणणे, आणि फाटकाच्या बाजूला आहे, असे माझे. आम्ही दोघेही पुरताना हजर होतो. मी तर निरीक्षक होते.

त्या दिवसापासून सरांचा प्रश्न बदलला. उष्णता, गंज, पाणी हे सगळे बाजूला पडले. "दोन माणसाचं घर, एक अंगण, तीन वर्षं," ते म्हणत, "अन् तरी याद राह्यली नाही. त्याईले तर हजारो वर्षं याद ठेवायची आहे." मी एकदा धीर करून म्हटले की समुद्राच्या तळाशी कोणी वाल लावायला जाणार नाही. सर म्हणाले, "माह्या अंगणात वाल लागन, असं मले तरी कुठं वाटलं होतं? आज त्याच तळावर निसर्गानं बनवलेले धातूचे गोळे वेचायची तयारी चालू आहे. जिथं कोणी जाणार नाही म्हणत होते, तिथंच."

हा प्रश्न जाणत्या माणसाला एकदा समोरासमोर विचारायचा, एवढीच त्यांची आयुष्याकडून अपेक्षा उरली. आणि नेमका तेव्हाच त्यांचा आवाज गेला. घशाची शस्त्रक्रिया झाली. ते वाचले, पण उरली ती फक्त कुजबूज. तीही त्यांनी फक्त वऱ्हाडीत ठेवली. प्रमाण मराठीला श्वास जास्त लागतो, असे त्यांनी मला गंभीरपणे सांगितले. मी त्यावर विचार केला. ते खरे असावे. मी आयुष्यभर दमलेली आहे.

त्याच हिवाळ्यात अकोल्याच्या एका महाविद्यालयात अणुकचऱ्यावर व्याख्यान असल्याचे कळले. वक्ते याच विषयात हयात घालवलेले शास्त्रज्ञ होते. सरांनी मला खाली बोलावले आणि कुजबुजले, "तुमी इचारायचं."

मी हादरले. मी स्वतःच्या लग्नाच्या बोलणीतही एक प्रश्न विचारू शकले नव्हते आणि त्यामुळेच पुढे लग्न करण्याची वेळ आली नव्हती. मी म्हणाले, "सर, तुमचे किती विद्यार्थी आहेत. कोणी वकील आहेत, कोणी पुढारी."

"म्हणूनच नको. त्याईच्या तोंडी प्रश्न देला की त्याचं भाषण होते. तुमी भेता. भेणारा माणूस एक शब्द जास्तीचा बोलत नाही."

माझ्या भित्रेपणाचा इतका नेमका उपयोग कोणी सुचवला नव्हता. प्रश्न कागदावर लिहून घ्यायला मात्र त्यांनी मनाई केली. कागदाकडे पाहत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही लोक कागदाकडे पाहतच देतात, असे त्यांचे मत. मी तो पाठ केला. न्हाणीघरात, कपाटापुढे, रिकाम्या वर्गात म्हणून पाहिला. सर जास्त दिवस काढणार नाहीत, हे डॉक्टरांनी काकूंना आणि काकूंनी मला सांगून ठेवले होते. ही वेळ चुकली तर दुसरी येणार नव्हती.

आम्ही तिघे एस.टी.ने निघालो. मूर्तिजापूरपर्यंत काकूंनी पुऱ्यांचा डबा दोनदा उघडला. मला घास जाईना. "खाऊन घे वं," काकू म्हणाल्या, "उपाशी पोटी काय इचारशीन?" सर खिडकीतून बाहेरची सपाट काळी जमीन पाहत होते. "याच्याखाली खारं पाणी आहे," ते मला कुजबुजले, जणू मला घाबरवण्यासारखे अजून काही शिल्लक होते.

व्याख्यान सुरेख झाले. वक्ते सौम्य, नेमके बोलणारे होते. मुद्द्यामागून मुद्दे आले, आणि मी मनात चिंचोके टाकत गेले. बहुतेक त्यांच्याच वाटीत. शेवटी ते म्हणाले की समुद्रतळाखालची जागा सर्वांत सुरक्षित वाटते, याचे एक कारण म्हणजे माणसाचा तिथे वावर नाही. सरांचे कोपर माझ्या बरगडीत रुतले. मी उठले नाही. कोणीतरी नोकऱ्यांविषयी विचारले, कोणीतरी विजेच्या दराविषयी. अध्यक्ष म्हणाले, "शेवटचा प्रश्न." सरांनी माझ्याकडे पाहिले. मी पंख्याकडे पाहत होते.

तेव्हा मागून काकूंचा आवाज सभागृहभर गेला. "हिले इचारायचं आहे!" आणि त्यांनी मला दंडाला धरून उभे केले.

ध्वनिक्षेपक हातात आला. "व्यासपीठावरील सर्व मान्यवरांच्या अनुमतीने, प्रस्तुत विषयाच्या संदर्भात, अत्यंत विनम्रपणे," इथपर्यंत मी पोहोचले आणि पुढचे सगळे पुसले गेले. न्हाणीघरातला प्रश्न न्हाणीघरातच राहिला होता. सभागृह थांबले. मग माझ्या कोपराजवळून कुजबूज आली, आणि बुडणारा माणूस हाताला येईल ते धरतो, तशी मी ती शब्दशः म्हणू लागले.

"मले एक सांगा," मी म्हणाले.

कोणीतरी हसले. माझ्या तोंडून 'मले' कसे वाटले असेल, याची मला कल्पना आहे.

"मी माह्या अंगणात पाच बरण्या गाडल्या. वरतं सळया ठोकल्या."

लोक वळून पाहू लागले.

"तीन वर्षांत माह्या बायकोनं त्या सळया उपटून वालाचा मांडव घातला."

यानंतर जे हसू उसळले, तसे मी कुठल्याही सभेत ऐकलेले नाही. अध्यक्षांनी डोळे पुसले. पहिल्या रांगेतील एक गृहस्थ उठून, वळून, मला आणि मग माझी बायको कुठे दिसते का, ते पाहू लागले. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. मला धरणी दुभंगावी असे वाटले, पण तो पौष होता. काळी जमीन तेव्हा दुभंगत नाही. सर हसले नाहीत. त्यांची कुजबूज चालूच होती, म्हणून मीही चालू राहिले.

"तिची चूक नाही. तिले आधार पाह्यजे होता. तशाच कोण्या माणसाले हजारो वर्षांनं तुमच्या त्या तळाशी काही पाह्यजे असन. त्याची भाषा तुमाले माहीत नाही, तुमची त्याले माहीत नाही. 'इथं हात लावू नको' हे त्याले तुमी कसं सांगान?"

हसू विरत गेले. मागच्या रांगांत ते जरा उशिरा विरले.

वक्त्यांनी चष्मा काढला. "चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. "आमची भूमिका अशी, की जागाच अशी निवडायची, की कोणाला काही सांगण्याची गरजच पडू नये."

"त्याईच्या वाटीत एक," सर कुजबुजले. ते मी उच्चारले नाही, एवढे भान मला आले होते. सर समाधानाने मागे टेकले. त्यांचा प्रश्न विचारला गेला होता, त्याला सभ्य उत्तर मिळाले होते. मी खाली बसायला हवे होते.

पण मी उभीच होते. आणि ध्वनिक्षेपकातून एक बारीक, शुद्ध, पुणेरी आवाज आला, जो कोणी कुजबुजलेला नव्हता. "परंतु सांगण्याची गरज पडणार नाही, हे आज कोणी ठरवायचे?"

वक्त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "ते अजून ठरलेले नाही." आणि पाणी प्यायले.

 घरी आल्यावर सर खिडकीशी गेले, एक चिंचोका उचलला, दोन्ही वाट्यांवरून हात फिरवला आणि तो माझ्या हातात ठेवला. "हा तुमचा. कुठं टाकायचा, ते तुमी पाहा." काकू म्हणाल्या, "मले कोणी इचारलं नाही, सभेत माही इज्जत गेली ते." पण त्या रात्री त्यांनी वालाच्या शेंगांची भाजी केली आणि मला जास्त वाढली.

सर पुढच्या उन्हाळ्यात गेले. काकू अकोल्याला आपल्या बहिणीकडे राहायला गेल्या, पेरू वठला म्हणून तोडला गेला, विहीर बुजवली गेली, आणि घर औषधांचे दुकान असलेल्या एका गृहस्थांनी घेतले. मी जवळच दुसरी खोली केली. दोन्ही वाट्या माझ्या खिडकीत आल्या आणि चिंचोका माझ्या टेबलाच्या खणात राहिला. तो कोणत्या वाटीत टाकावा, हे तर्कशास्त्राच्या आधारे मला ठरवता आले नव्हते.

नवे घर बांधायला सुरुवात होणार असे कळले, तेव्हा मला पाचव्या बरणीची आठवण झाली. आता ती माहीत असलेली इथे मी एकटीच होते. सांगणे माझे कर्तव्य होते. माझी भाषा त्या गृहस्थांना येत होती, त्यांची मला येत होती, मध्ये हजारो वर्षे नव्हती, फक्त एक फाटक होते. या खेपेला मी त्याची कडी वाजवली.

"आपल्या अंगणात," मी म्हणाले, "सरांनी पूर्वी काहीतरी पुरून ठेवलेले आहे. म्हणजे तसे विशेष काही नाही. परंतु खणताना कृपया जपून."

"काय पुरलं आहे?"

"रंग. एका बरणीत. नक्की कुठे, ते सांगता येणार नाही."

त्यांनी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिले. मग आवाज खाली करून म्हणाले, "मॅडम, खरं सांगा ना. रंग कोणी मेण लावून गाडते काय?" मेणाविषयी त्यांना काकूंकडून कळले असावे. मी पुन्हा सगळे समजावून सांगितले. अणुकचरा, समुद्रतळ, चिकणमाती, वाल. मी जितके समजावत गेले तितके त्यांचे डोळे बारीक होत गेले. "बरं बरं," ते म्हणाले, "कोणाले सांगू नका आता."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या अंगणात चार माणसे खणत होती. पायाची आखणी झालेली नव्हती, तरी खणत होती. संध्याकाळपर्यंत अख्खे अंगण उलथे झाले होते.

मी फोनवर काकूंना सांगितले. त्या हसत सुटल्या. "अवं माय," त्या म्हणाल्या, "न सांगतलं असतं तर त्यानं तिथं पायरी बांधली असती, अन् राह्यलं असतं ते खाली."

त्यानंतर चारच दिवसांत माझ्या दाराची कडी वाजली. दारात ते गृहस्थ उभे होते. चेहऱ्यावर निराशा होती आणि दोन्ही हात, मनगटापर्यंत, गर्द निळे होते. त्यांनी ते माझ्यापुढे पसरले.

"खरंच रंग होता, मॅडम," ते म्हणाले. "दोन दिवस झाले घासून राहिलो. हे जाते कशानं?"

मला माहीत नव्हते. मी त्यांना आत बोलावले, साबण दिला, आणि ते मोरीवर हात घासत असताना टेबलाचा खण उघडून चिंचोका शोधू लागले.